मदत हवी आहे: नायट्रेट ४० वर अडकलंय, फॉस्फेट जवळपास शून्य

२०० लिटरचा रीफ टँक (खाऱ्या पाण्यातलं प्रवाळांचं मत्स्यालय), सॉफ्ट कोरल (मऊ प्रवाळ) आणि थोडे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण प्रवाळ). नायट्रेट ४० पीपीएम (दुसऱ्या किटनेही तेच), फॉस्फेट ०.०१, अल्कलिनिटी ८ डीकेएच. आरओ-डीआयच्या (गाळून क्षारमुक्त केलेल्या) पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य. दर आठवड्याला २० टक्के पाणी बदलतो, फिल्टर सॉक वेळेवर धुतो. नायट्रेट वापरणाऱ्या बॅक्टेरियांना खाद्य म्हणून व्हिनेगर रोज ५ मिलीपासून हळूहळू २० मिलीवर नेलं, स्किमर (फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र) चोवीस तास चालू. तरी आकडा हलत नाही. काचेवर शेवाळ धरत नाही, युफिलिया (एलपीएसपैकी एक कोरल) मात्र फिकट पडत चाललंय. फॉस्फेटअभावी बॅक्टेरिया वाढत नसावेत, म्हणून जीएफओ (फॉस्फेट शोषून घेणारे लोहयुक्त दाणे) काढून टाकलंय. सम्पमध्ये (फिल्टरच्या वेगळ्या टाकीत) रिफ्युजियमला (नायट्रेट शोषणारं शेवाळ वाढवायच्या कप्प्याला) जागा नाही. खाद्य वाढवलं तर नायट्रेटही चढणार, त्यामुळे ते नको वाटतं.

सोडियम फॉस्फेट देऊन ०.०५ पर्यंत न्यायचं असेल, तर रोज किती पीपीएमने वाढवणं कोरलला सोसेल? आणि तोवर व्हिनेगर २० मिलीवरच ठेवू की निम्म्यावर आणू?