मदत हवी आहे: आनंदावरच्या संदेशासाठी वचनं आणि भजन

प्रभूच्या नावात सर्वांना सलाम. आईचं डायलिसिस चालू आहे, किडनीसाठी यादीत नाव लागलंय. आगमनकाळातली (नाताळाआधीच्या आठवड्यांतली) घरगुती प्रार्थना यंदा आमच्याकडे आहे आणि आईची एकच अट: "रडका संदेश नको, आनंदावर बोल." ("देव परीक्षा पाहतो" म्हटलेलं तर तिला मुळीच खपत नाही!)

बायबलमधलं फिलिप्पैकरांस पत्र घ्यायचं ठरलंय, पौलाने ते बंदिवासातून लिहिलं म्हणून. सोबत हबक्कूक संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ३:१७-१८. अंजीर फुललं नाही, गोठ्यात गुरं नाहीत, तरी संदेष्टा उल्हासतो. स्तोत्र १३ "किती वेळ?" असं विचारत सुरू होतं आणि गाण्यावर संपतं. तेही घेऊ, की आजारी माणसासमोर जड होईल? शिवाय पेटी-टाळावर सहज म्हणता येईल असं ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन सुचवा. चाल ठाऊक असेल तर रेकॉर्ड करून पाठवाल का? आई डायलिसिसच्या वेळी कानाला लावून ऐकेल.