बिल्ड पाऊण तासाने मरतो आणि शेवटी फक्त ‘एक्झिट स्टेटस २’

कोरा_कागद:
डेबियन १२ (लिनक्स). मी प्रोग्रामर नाही, चित्रं काढते. इंकस्केप या चित्रं काढायच्या प्रोग्रामच्या एका डायलॉगमधला एक आकडा मला रोज छळतो. तो कुठल्या फाइलीत आहे ते दोन संध्याकाळी घालवून शोधलं, आणि आता तो बदलून पॅकेज स्वतः सोर्समधून, म्हणजे मूळ कोडमधून, बांधायचं (बिल्ड करायचं) ठरवलंय.

आतापर्यंत केलेलं: सोर्स उतरवता यावा म्हणून डेब-एसआरसीची ओळ चालू केली, बांधायला लागणाऱ्या पॅकेजांसाठी सुडो (ॲडमिनच्या अधिकाराने) ॲप्ट बिल्ड-डेप इंकस्केप, मग सुडो न लावता ॲप्ट सोर्स इंकस्केप. फोल्डरमध्ये शिरून आकडा बदलला आणि पॅकेज बांधायची कमांड दिली: डीपीकेजी-बिल्डपॅकेज -बी -यूएस -यूसी. (कमांडी नागरीत लिहितेय, उच्चारावरून ओळखा.)

तीनदा चालवलं. तिन्ही वेळा पाऊण तासाच्या आसपास मेलं, आणि दर वेळी वेगळ्याच फाइलीवर. शेवटची ओळ मात्र तीच: डेबियन/रूल्स बायनरी, सबप्रोसेस रिटर्न्ड एक्झिट स्टेटस २. लॅपटॉप ८ थ्रेडचा, रॅम ८ जीबी. माझ्या एका आकड्याने एवढं काय बिघडलं?

मेकवाला:
डेबियनची यंत्रणा कशाला मध्ये घालता? सोर्स थेट बांधा आणि बसवा: सीमेक, मेक, सुडो मेक इन्स्टॉल. यूएसआर-लोकल या फोल्डरमध्ये जाऊन बसेल, प्रश्न मिटला.

टिल्डेश्वर:
मिटत नाही हो, पुढच्या तारखेला ढकलला जातो. त्यावर खाली बोलतो, आधी ताईंचा बिल्ड.

तुमचा आकडा निर्दोष आहे. कोडमध्ये चूक असती तर दर वेळी त्याच फाइलीवर अडलं असतं. जागा बदलतेय म्हणजे दोष मशीनच्या दमात आहे. ‘एक्झिट स्टेटस २’ ही नुसती वर्दी, आत कोणीतरी पडलं एवढंच ती सांगते. कोण पडलं ते वर असतं, कधी कधी दोनशे ओळी वर, कारण आठ कामं एकदम चालू असताना एक मेलं तरी बाकीची आपापलं बोलणं पुरं करतात. आउटपुट फाइलीत घ्या आणि त्यात ‘किल्ड’ शोधा. माझी पैज, ‘किल्ड सिग्नल टर्मिनेटेड प्रोग्राम सीसी-वन-प्लस’ असं सापडेल. नंतर सुडो डीमेसेज, म्हणजे कर्नलचा (सिस्टिमच्या गाभ्याचा) लॉग, बघा, तिथे ‘आउट ऑफ मेमरी’ आणि त्याच सीसी-वन-प्लसचं नाव असेल.

हा सी-प्लस-प्लसचा खरा कंपायलर, म्हणजे कोडचा प्रोग्राम करणारा. टेम्प्लेटांनी भरलेली फाइल आली की एकेक प्रत गिगाबाइटच्या घरात मेमरी खाते, आणि डेबियन पॅकेज बांधताना डीबग माहितीही तयार होत असते, तिचा भार वेगळा. सांगितलं नाही तर बिल्ड सहसा जितके थ्रेड तितकी कामं एकदम सुरू करतो. आठ प्रती, आठ जीबी, शिवाय तुमचा ब्राउझर उघडा असणारच. मग कर्नल सगळ्यात खादाड प्रक्रियेला गोळी घालतो.

उपाय: बिल्डच्या आधी डेब-बिल्ड-ऑप्शन्स या व्हेरिएबलमध्ये पॅरलल=२ (एका वेळी दोनच कामं) टाका आणि तो एक्सपोर्ट करा. त्यातच जागा सोडून नोचेक लिहिलंत तर चाचण्या गाळल्या जातील. एरवी मी ते सुचवत नाही, पण एका आकड्यासाठी चालेल. आणि एक गोष्ट कोणीच आधी सांगत नाही: डीपीकेजी-बिल्डपॅकेज दर वेळी सुरुवातीला झाडू मारतं, म्हणून तुमचे तिन्ही पाऊण तास मातीत गेले. अर्धवट मेलेला बिल्ड पुढे न्यायचा तर -एनसी लावा, म्हणजे झाडू मारणार नाही आणि झालेल्या ऑब्जेक्ट फाइली (कंपाइल झालेले तुकडे) वापरल्या जातील.

आता मेकवाला. मी हेच केलं होतं. एक इमेज लायब्ररी नवी हवी म्हणून सोर्समधून बांधली, सुडो मेक इन्स्टॉल केलं, सोर्सचं फोल्डर पुसून टाकलं. काही महिन्यांनी अपग्रेड झालं आणि फोटो बघायचा प्रोग्राम ‘सिम्बॉल लुकअप एरर’ म्हणून उघडेना. अख्खा रविवार पॅकेजं पुन्हा पुन्हा बसवण्यात गेला. शेवटी एलडीडी (प्रोग्राम कुठल्या लायब्ररी उचलतो ते दाखवणारी कमांड) चालवून पाहिलं तर प्रोग्राम यूएसआर-लोकल-लिबमधली माझीच जुनी लायब्ररी उचलत होता. लायब्ररी जोडणारा लोडर डेबियनच्या फोल्डरआधी तिथे बघतो, आणि पॅकेजांचा हिशेब ठेवणाऱ्या डीपीकेजीला त्या फाइलीचा पत्ताच नसतो, कारण ती त्याच्या वहीत नाही. अनइन्स्टॉल करावं तर सीमेक असं टार्गेट आपणहून देत नाही. काय कुठे टाकलं याची यादी इन्स्टॉल-मॅनिफेस्ट नावाच्या फाइलीत बिल्डच्या फोल्डरमध्ये असते, आणि ते फोल्डर मी पुसलेलं. तारखा बघून एकेक फाइल हाताने काढली.

मेकवाला:
मी प्रीफिक्स, म्हणजे बसवायची जागा, माझ्या होम फोल्डरमध्ये देतो, सुडो लावतच नाही.

टिल्डेश्वर:
मग वाद नाही. पण वर तुम्ही सुडो लिहिलंय.

कोरा_कागद:
‘किल्ड’ सापडलं, डीमेसेजमध्येही तेच. पॅरलल=२ आणि -एनसी लावून रात्री सोडलं, सकाळी .डेब (पॅकेजची फाइल) तयार! डीपीकेजी -आय ने बसवलं, डायलॉग हवा तसा दिसला, मी खूश.

आज ॲप्ट अपग्रेड चालवलं आणि आकडा परत जुना. बसवताना ‘डाउनग्रेडिंग’ अशी काहीतरी सूचना आली होती, मी दुर्लक्ष केलं. आधी इंकस्केप १.२.२-२+बी१ होतं, माझं १.२.२-२ झालं. मी तर त्याच्याच सोर्समधून बांधलं, मग कमी कसं?

टिल्डेश्वर:
या प्रश्नासाठीच मी हे नाव घेतलंय.

+बी१ सोर्समध्ये नसतं. एखादी लायब्ररी बदलली की डेबियनची बिल्ड मशीन्स त्याच सोर्समधून पॅकेज पुन्हा बांधतात, सोर्सला हात न लावता, आणि त्या बायनरीला +बी१ चिकटवतात. तुम्ही आणलेल्या सोर्सच्या चेंजलॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) १.२.२-२ एवढंच आहे, म्हणून तुमचं पॅकेज एक पायरी खाली उतरलं आणि ॲप्टने इमानेइतबारे परत वर नेलं.

म्हणून आपलं पॅकेज बांधताना आवृत्ती आपण वाढवायची. डेवस्क्रिप्ट्स पॅकेजमधलं डीसीएच त्यासाठीच आहे, --लोकल देऊन शेपूट सांगायचं. पण शेपूट कुठलं, यात गंमत आहे. बहुतेक लोक आपलं नाव लावतात. १.२.२-२कोरा१ केलंत तर ते +बी१ पेक्षा लहान ठरतं, कारण डीपीकेजीच्या तुलनेत अक्षरं चिन्हांच्या आधी येतात. (टिल्ड, म्हणजे ~, तर सगळ्यांच्या आधी, अगदी पुढे काहीच नसण्याच्याही, म्हणून ~आरसी१ हे मूळ आवृत्तीपेक्षा लहान.) बरं, +कोरा१ केलंत तर रोमनमध्ये ‘के’ ‘बी’च्या पुढे, जिंकलात. पण उद्या सुरक्षेची दुरुस्ती आली तर ती +डेब१२यू१ अशी येईल. ‘के’ ‘डी’च्याही पुढे, म्हणजे ती दुरुस्ती तुमच्यापर्यंत पोचणारच नाही आणि तुम्हाला कळणारही नाही.

मी +सी लावतो, रोमन वर्णमालेतला सी. ‘बी’च्या पुढे, ‘डी’च्या मागे. डीसीएच --लोकल +सी केलंत की १.२.२-२+सी१ होईल. माझ्यावर विश्वास ठेवू नका, डीपीकेजी --कंपेअर-व्हर्जन्सला दोन आवृत्त्या आणि मध्ये जीटी (‘पेक्षा मोठी’) देऊन विचारा. ते तोंडाने काही बोलत नाही, एक्झिट स्टेटस बघायचा, शून्य म्हणजे हो.

कोणीतरी ॲप्ट-मार्क होल्ड, म्हणजे पॅकेज आहे त्याच आवृत्तीवर गोठवणं, सुचवेलच. एका ओळीत काम होतं हे खरं, पण त्याने सुरक्षेची दुरुस्तीही अडते. माझ्याकडे एक पॅकेज दीड वर्ष होल्डवर पडून होतं, मी विसरलो होतो.

+डेब१२यू१ आलं की तुमचा आकडा पुन्हा जाईल हे धरून चाला. म्हणून तो आताच पॅच (बदलाची वेगळी फाइल) म्हणून ठेवा: सोर्सच्या फोल्डरमध्ये डीपीकेजी-सोर्स --कमिट. ते नाव विचारतं, डेबियन/पॅचेसमध्ये फाइल टाकतं आणि सीरीजच्या यादीत नोंदवतं. पुढच्या सोर्सवर तोच पॅच लावायचा.

कोरा_कागद:
शून्य आलं, दोन्हीकडून. +सी१ बसवलं, अपग्रेड चालवलं, आकडा जागेवर.

शेवटचं एक. बिल्ड-डेपने ढीगभर -डेव्ह पॅकेजं आणली, नको असलेली पॅकेजं काढणारं ॲप्टचं ऑटोरिमूव्ह त्यांना हात लावत नाही.

टिल्डेश्वर:
बिल्ड-डेप त्यांना ‘हाताने बसवलेली’ धरतं. सुरुवातीलाच एमके-बिल्ड-डेप्स वापरलं असतं तर सगळी एका नावाच्या पॅकेजला टांगलेली राहिली असती आणि ते एक काढलं की बाकी ऑटोरिमूव्हने गेली असती. आता व्हार-लॉग-ॲप्टमधली हिस्टरी-लॉग उघडा. तुमच्या बिल्ड-डेप कमांडखाली ‘इन्स्टॉल’ची पूर्ण यादी असेल. ती नावं ॲप्ट-मार्क ऑटोला द्या, मग ऑटोरिमूव्ह. ‘वाय’ दाबण्याआधी यादी वाचा. डिस्कवर जागा असेल तर मी म्हणेन राहू द्या, यू१ आलं की परत लागतीलच.