मदत हवी आहे: पेनीच्या ढिगातून तांब्याच्या जुन्या पेन्या झटपट कशा निवडायच्या?

गवतीचहा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण सिरियसली विचारतेय.

आम्ही अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा आहे, त्याला शाळेत कुणीतरी सांगितलं की १९८२ च्या आधीच्या पेन्या, म्हणजे इथली एक सेंटची नाणी, जवळजवळ पूर्ण तांब्याच्या असतात आणि नंतरच्या म्हणजे आत जस्त आणि वर तांब्याचा नुसता मुलामा, झालं, आता त्याला सगळ्या पेन्या बघायच्यात. त्यात पेनी पाडायचं बंद झाल्याची बातमी आली तेव्हापासून तर घरात नुसतं वेड. घरातली बाटली संपली म्हणून मी बँकेतून एक अख्खा बॉक्स आणला, २५ डॉलरचा, म्हणजे ५० रोल, २५०० पेन्या. काऊंटरवरच्या बाईने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पेन्यांनी आंघोळ करणार आहे. आणि तो बॉक्स उचलताना कळलं की साडेसहा किलो म्हणजे काय ते.

आई सध्या इथे आलीय सहा महिन्यांसाठी. थंडीमुळे बाहेर पडता येत नाही, टीव्हीचा कंटाळा आलाय, तर तिने हे काम अंगावर घेतलंय. स्टीलच्या ताटात पसरून तांदूळ निवडल्यासारख्या पेन्या निवडते. पहिल्या बॉक्समध्ये ४३७ जुन्या निघाल्या, त्यातल्या ११ मागे गव्हाच्या ओंब्या असलेल्या.

आता अडचणी:

एक म्हणजे साल वाचून वाचून आईचे डोळे दुखायला लागलेत, भिंग घेऊनसुद्धा. साल न वाचता ओळखायची काही युक्ती आहे का? किचनचा डिजिटल काटा वापरून बघितला तर तो एका ग्रॅमच्या खाली जातच नाही, एक पेनी ठेवली की कधी २ दाखवतो कधी ३, काही उपयोग नाही.

दुसरं, १९८२ सालच्या पेन्यांचं काय करायचं? काही म्हणतात तांब्याच्या, काही म्हणतात नाही.

तिसरं, उरलेल्या दोन हजार पेन्या परत कुठे द्यायच्या? मला त्या बाईसमोर परत जायचं नाहीये.

आणि चौथं खरं तर आईचं आहे. ती म्हणते एवढं तांबं जमतंय तर घेऊन जाते पुण्याला, तांबट आळीत देऊन वितळवून एक छान तांब्या करून घेते, नातवाने जमवलेल्या तांब्याचा तांब्या. मला कल्पना भारी आवडली पण नवरा म्हणतो एअरपोर्टवर धरतील. खरंच धरतील का?

टेक्सासचा_तात्या

आईंना आधी साष्टांग नमस्कार सांगा :)

चौथ्यापासून सुरू करतो कारण तेच महत्त्वाचं. वितळवायचं नाव काढू नका. तांब्याचा भाव वाढला तेव्हा लोक पेन्या वितळवायला लागतील म्हणून २००६ च्या डिसेंबरमध्ये मिंटने, म्हणजे इथल्या सरकारी टाकसाळीने, नियम काढला आणि २००७ मध्ये तो कायम केला. पेनी आणि पाच सेंटचं निकेल, दोन्ही वितळवायला बंदी, दंड दहा हजार डॉलरपर्यंत आणि वर पाच वर्षांपर्यंत तुरुंग. देशाबाहेर जाताना माणशी पाच डॉलरपर्यंत नेता येतात, म्हणजे ५०० पेन्या. त्या पण जवळ सुटे असावेत म्हणून, भट्टीत घालायला नव्हे. पेनी बंद झाली म्हणून हा नियम गेला असं लोक बोलतात, पण नाणं पाडायचं थांबलं म्हणजे ते चलनातून गेलं असं नाही, आजही दुकानात एक सेंट म्हणून चालतंच.

आता काट्याचं. किचनचा काटा टाकाऊ नाहीये, एकेक ठेवू नका, दहा-दहा ठेवा. जुनी पेनी ३.११ ग्रॅमची, नवी अडीच ग्रॅमची. दहा जुन्यांचे ३१ भरतात आणि दहा नव्यांचे २५. तुम्हाला वाटतंय की हा गठ्ठा सगळा जुना आहे, तर ठेवून बघा, २९-३० आलं की समजा एखाद-दोन घुसल्यात. निवडायला नाही पण निवडलेलं तपासायला एकदम बेस्ट.

जुना_बाजार

तात्या बरोबर आहेत, पण मुळात निवडायला वजन लागतच नाही, कान लागतो. ग्रॅनाईटच्या ओट्यावर वीतभर उंचीवरून टाका. तांब्याची टण्ण वाजते, घंटीसारखी, आवाज मागे रेंगाळतो. जस्ताची टप्प करून गप्प. दोन्ही एकेक टाकून बघा, पुढच्या दहा मिनिटांत मुलाला जमेल, मोठ्यांना जरा वेळ लागतो.

आणि १९८२ ला बदल वर्षाच्या मध्ये झाला म्हणून दोन्ही धातूंच्या आहेत. शिवाय सालाचे आकडे मोठे आणि छोटे अशा दोन तऱ्हा, फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर अशा दोन टाकसाळी, सगळं मिळून सात प्रकार नेहमीचे धरतात. आठवा म्हणजे डेन्व्हरची, छोट्या आकड्यांची आणि तांब्याची, ती असायलाच नको होती पण सापडलीय, आणि ती जर मिळाली तर नवऱ्याला नोकरी सोडायला सांगा. १९८२ सगळ्या वेगळ्या ठेवा आणि बारीक वजनाचा काटा मागवा, सोनारांकडे असतो तसा छोटा, पॉईंट झिरो वन पर्यंत दाखवणारा. फार महाग नसतो.

ओंब्यावाल्या म्हणजे १९०९ ते १९५८. त्या बाजूला काढल्यात ना? त्यांना पुसू वगैरे नका हां.

गवतीचहा

अरे देवा.

@जुना_बाजार, पुसू नका हे तुम्ही आज सांगताय. काल दुपारी मी मीटिंगमध्ये होते आणि आईने त्या अकराच्या अकरा पेन्या चिंचेचा कोळ आणि मीठ लावून घासल्या. "किती कळकट झाल्या होत्या गं, बघ आता कशा दिसतायत." दिसतायत खरंच, देवघरातल्या ताम्हनासारख्या दिसतायत, गुलाबी गुलाबी. मला काही बोलवेना. सगळं वाया गेलं का?

जुना_बाजार

:D :D माफ करा पण हे वाचून चहा सांडला.

नाणी जमवणाऱ्याच्या दृष्टीने गेलं, हो. तो चॉकलेटी रंग यायला सत्तर-ऐंशी वर्षं लागतात आणि चिंचेला दोन मिनिटं. पण जीवाला लावून घेऊ नका, रोलमध्ये सापडणाऱ्या ओंब्यावाल्या बहुतेक चाळीस-पन्नासच्या दशकातल्या असतात आणि त्या ढिगाने आहेत, काही सेंटच्या वर कुणी देत नाही, त्यामुळे नुकसान झालं तर एखाद्या समोशाएवढं. फक्त साल सांगा म्हणजे खात्री होईल. साल आणि त्याच्या खाली छोटं अक्षर आहे का ते, डेन्व्हरचं डी किंवा एस.

गवतीचहा

१९४४, १९४४, १९४६ डी, १९५१ डी, १९५२, १९५६ डी तीन, १९५७ डी, १९५८... आणि एक १९३१.

जुना_बाजार

१९३१?? खाली अक्षर? नीट बघा, भिंगाने.

लिंबूटिंबू

मला नाण्यातलं ओ की ठो कळत नाही पण आता मी पण श्वास रोखून बसलोय

गवतीचहा

मुलाने बघितलं, मी बघितलं, फोनच्या कॅमेऱ्याने झूम करून बघितलं. काही नाही. अक्षर नाहीये.

जुना_बाजार

सुटलात. अक्षर नाही म्हणजे फिलाडेल्फिया, त्या वर्षी मंदी होती तरी तिथे एक कोटी नव्वद लाखांच्या वर पाडल्या होत्या. खाली एस असता, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, तर त्या जेमतेम ८ लाख ६६ हजार, आणि मग तुम्हाला मी फोन करून रडलो असतो. आईंना काही बोलू नका. फक्त चिंच वरच्या फळीवर ठेवा.

मोडकी_छत्री

एक पुणेरी शंका. हे सगळं करून मिळतं काय? हिशोब करू. ४३७ पेन्या म्हणजे साधारण १३६० ग्रॅम, त्यात ९५ टक्के तांबं म्हणजे १२९० ग्रॅम. पौंडाला पाच डॉलर भाव धरला तर चौदा डॉलरचं तांबं, ते पण वितळवता येत नाही. आईंनी किती तास घातले? पाच तास धरले तरी तासाला तीन डॉलर पडत नाहीत, आणि चष्म्याचा नंबर वाढला तो वेगळा. मिंटला पण परवडत नव्हतं, २०२४ ला एक पेनी पाडायला ३.६९ सेंट पडत होते म्हणून तर बंद केली.

टेक्सासचा_तात्या

@मोडकी_छत्री, तासाचा हिशोब लावला तर मग मायबाप हो, कोडी सोडवणं, क्रिकेट बघणं सगळंच तोट्यात. लोक तळघरात डबेच्या डबे भरून ठेवतात, उद्या बंदी उठली तर म्हणून. माझ्याकडे पण दोन डबे आहेत. उठेल का ते देवाला माहीत, पण सेंटची किंमत सेंटच्या खाली जात नाही, हा एकच धंदा ज्यात मुद्दल बुडत नाही.

फक्त ओलसर जागी ठेवू नका. आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटात पण नको, काही वर्षांनी हिरवा चिकट थर येतो. काचेची कोरडी बरणी सगळ्यात चांगली.

शून्य_मात्रा

काटा येईपर्यंत एक घरगुती उपाय. सहा इंची फूटपट्टी घ्या आणि एक षटकोनी पेन्सिल टेबलावर चिकटपट्टीने पक्की बसवा. पट्टी तिच्यावर आडवी ठेवून तोलून घ्या. एका टोकाला २०१० च्या पुढची कुठलीही पेनी चिकटवून टाका, पट्टी तिकडे झुकेल. मग दुसऱ्या टोकाला १९८२ ची ठेवायची, बरोबर तेवढ्याच अंतरावर. ती तांब्याची असेल तर धाडकन खाली जाते, जस्ताची असेल तर पट्टी नुसती डुगडुगते नाहीतर हलतच नाही. पाव भागाचा फरक आहे वजनात, डोळ्याला दिसतो. ही मोठ्या निवडायच्या मशीन असतात ना, त्यांचं पण तत्त्व हेच, आत एक नमुन्याची पेनी अडकवलेली असते आणि खाली सोडलेल्या प्रत्येकीची तुलना तिच्याशी, फक्त ते विजेवर चालतं आणि वजनाऐवजी धातू ओळखतं.

कॅनडाच्या पेन्या पण येतील मध्ये मध्ये. त्यातल्या १९९६ पर्यंतच्या तांब्याच्या, २००० नंतरच्या बऱ्याचशा पोलादी, त्या लोहचुंबकाला चिकटतात. फ्रिजवरचं चुंबक ताटातून फिरवलं की वेगळ्या. चुकून १९४३ ची अमेरिकन चिकटली तर ती युद्धातली, तांबं दारूगोळ्याला लागत होतं म्हणून त्या वर्षी पोलादाची पाडली होती. ती ठेवून द्या. चिंच लावू नका.

लिंबूटिंबू

चिंच आता या धाग्याची अधिकृत खूण

तळ्यातमळ्यात

घरात रांगतं मूल येत-जात असेल तर एवढंच सांगते, नव्या जस्ताच्या पेन्या खाली पडू देऊ नका. गिळली तर पोटातल्या ॲसिडने जस्त विरघळतं, प्रकरण गंभीर होऊ शकतं. तसं झालं तर वाट न बघता थेट इमर्जन्सीत.

परत द्यायचं म्हणाल तर नियम एकच, जिथून घेता तिथे टाकायच्या नाहीत, नाहीतर पुढच्या महिन्यात स्वतःचाच चाळून टाकलेला कोंडा परत विकत घेऊन येता. माझं झालंय ते. दोन तास निवडून एकही जुनी निघेना तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. दुसऱ्या बँकेत खातं असेल आणि तिथे नाणी मोजायचं मशीन असेल तर तिथे. सुपरमार्केटातल्या मशीनला कमिशन जातं, पण गिफ्ट कार्ड घेतलं तर बहुतेक ठिकाणी कापत नाहीत.

गवतीचहा

सगळ्यांचे आभार, एवढी उत्तरं येतील वाटलं नव्हतं.

अपडेट देते. टण्ण-टप्प प्रकार मुलाला दोन मिनिटांत जमला, मला अजून जमत नाही आणि आईला आवाजाची गरजच उरलेली नाही, तिला हातात घेतल्या घेतल्या कळतं. मी डोळे बांधून परीक्षा घेतली, वीसपैकी अठरा बरोबर. म्हणते लहानपणी भोकाचा पैसा आणि ढब्बू पैसा पण असाच अंधारात ओळखायचो, आजोबांच्या दुकानाच्या गल्ल्यात हात घालून. भोकाचा पैसा म्हणे तिच्या धाकट्या भावाच्या करदोट्यात ओवलेला होता, आणि तो कधी हरवला त्यावरून घरात झालेलं भांडण पण तिने सांगितलं, ते इथे लिहीत नाही, मामा वाचतो.

तांब्याचं मी तिला समजावलं, वितळवायला बंदी आहे म्हणून. यावर ती जरा गप्प बसली आणि म्हणाली, तसंही तांबटाला पत्रा लागतो, ही चिल्लर घेऊन गेले तर तो हसेल मला. म्हणजे ठरलं, तांब्या तिथे गेल्यावर विकतच घेणार. बरोबर फक्त त्या अकरा गुलाबी पेन्या नेणार, भिशीतल्या बायकांना एकेक द्यायला. पाच डॉलरच्या आत बसतंय तात्या, काळजी नको.

पट्टी-पेन्सिलचा तराजू पण केला. पेन्सिल दोनदा सटकली, मग चिकटपट्टीऐवजी कणकेने बसवली. १९८२ च्या एकूण ३४ आहेत, त्यातल्या २१ धाडकन गेल्या. बाकीच्या तेरांपैकी दोन जरा संशयास्पद डुगडुगतायत, झिजलेल्या असतील, त्या बरणीत वेगळ्या ठेवल्यात. बारीक काटा मागवलाय, गुरुवारी येतोय. आला की सांगते.

जुना_बाजार

त्या दोघींवर डी आहे का ते तेवढं आत्ता बघून सांगाल का? गुरुवारपर्यंत मला झोप नाही.