अनुभव धागा: मे महिन्यातला एक आठवडा आणि सोलापूरची पाखरं

पाणवठा (धागा काढणारा)

मे महिन्यात पक्षी बघायला जातो म्हटलं की घरचे कपाळाला हात लावून बघतात, ताप आहे का म्हणून. सरकारी पक्षी सप्ताह नोव्हेंबरात. ५ तारखेला आपल्याच सोलापूरच्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ तारखेला सलीम अलींचा. थंडी, हुरडा, गळ्यात दुर्बीण, सगळं झकास. पण थंडीत पाणी सगळीकडे आणि पाखरंही सगळीकडे पांगलेली. मेमध्ये जिथे ओल उरते तिथे सगळे एका पंगतीला येतात. समुद्र आपल्याला नाही. हिप्परगा तलाव आणि उजनी धरण हेच आपले किनारे.

तर रविवार ते शनिवार काय दिसलं ते लिहा. नाव माहीत नसलं तरी चालेल, वर्णन करा. घरट्याची नेमकी जागा मात्र सांगू नका, फोटोवाले धावतात.

टिटवीची शेजारीण

जुळे सोलापूर. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू आहे आणि खडीच्या ढिगाशेजारी टिटवीची चार अंडी आहेत. घरटं म्हणावं तर नुसते चार खडे बाजूला सारलेले. गवंडीमामांनी भोवती विटा उभ्या केल्या, काठीला लाल फडकं बांधलं आणि बिगाऱ्यांना दम भरला, "तिकडं पाटी रिकामी करायची नाही बे!"

मंगळवारी दुपारी खिडकीतून पाहिलं ते सांगते. स्लॅबवर मारलेलं पाणी खाली गळून डबकं साचतं. टिटवी त्यात उतरली, बसल्यासारखी झाली, पोट डावी-उजवीकडे घुसळलं आणि तशीच ठिबकत अंड्यांकडे पळाली. लगेच टेकली नाही. आधी पाय ताठ करून अंड्यांवर सावली धरून उभी राहिली, मग हळूच बसली. थोड्या वेळानं जोडीदार आला आणि पाळी बदलली (नर कुठला, मादी कुठली, मला ओळखू येत नाही, दोघं सारखीच दिसतात). त्याचंही पोट ओलंच. उबवणं म्हणजे ऊब देणं असं मी आजवर समजत होते. इथे ४३ अंशात ही दोघं अंडी गार ठेवायला बसतात.

सासूबाईंचं म्हणणं, टिटवीनं उंचावर अंडी घातली की पाऊस दणकून, सखल जागी घातली की ओढ. खडीचा ढिगारा उंच धरायचा की सखल यावर घरात दोन तट पडले आहेत.

निवृत्त मास्तर

संभाजी तलाव. मी अजून कंबर तलावच म्हणतो, सवय जात नाही. सकाळी सहा ते साडेसात, नंतर डोकं तापतं.

हिवाळ्यात ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही तो मळकट वंचक बगळा सध्या पाठीवर वांगी रंगाची शाल घेऊन बसलाय. गायबगळ्यांना तर हळदच लागली आहे, डोकं, मान, पाठ सगळं पिवळं-नारिंगी. लग्नसराई यांचीही. कमळपक्ष्याची लांब शेपटी पूर्ण वाढली आहे. तो पानांवरून चालतो तेव्हा पान जेमतेम दबतं. त्याच्या संसारात अंडी घालून मादी मोकळी होते. उबवणं आणि पिल्लं सांभाळणं नराकडे. हे मी वर्गात सांगायचो तेव्हा मुली टाळ्या वाजवायच्या.

दोन वारकरी पक्षीही दिसले. काळे कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा. बाकीचे थंडी संपताच परतले, हे बहुधा आषाढीसाठी थांबलेत.

मोहोळचा शेतकरी

पावशा बुधवारपासून वरडायलाय. "पेरते व्हा, पेरते व्हा." आरं पण वल कुठंय? बी-बियाणं उधारीवर मिळंल, पाऊस मिळतोय का.

करमाळ्याची माहेरवाशीण

उजनी मायनसमध्ये (उपयुक्त साठ्याच्याही खाली) गेली की शहरात पाण्याची चिंता आणि आमच्या गावात गाळपेराची लगबग. पाणी मागं सरकतं तसा काळा गाळ उघडा पडतो, आणि त्या चिखलाच्या कडेला रोहित, म्हणजे फ्लेमिंगो. यंदा मे निम्मा सरला तरी आहेत. सगळे उडतानाचा फोटो मागतात, मला खातानाचा रोहित आवडतो. मान खाली सोडून डोकं पार उलटं करतो आणि वाकडी चोच चिखलात चाळणीसारखी चालवतो. पायानं चिखल ढवळायचा, चोचीनं गाळायचा. माझी आजी तांदूळ रोवळीत धुवायची, अगदी तसं.

आता जरा वाईट. माझा दीर मासेमारी करतो. पाणी उतरलं की मधे उघडी बेटं दिसू लागतात आणि नदी सुरय (मासे खाणारे पाणपक्षी) तिथे उघड्यावरच अंडी घालतात. वाळूच्याच रंगाची, ठिपक्यांची. पायाखाली आली तरी कळणार नाहीत. गुरुवारी दीर सांगत होता, पाणी आणखी उतरलं, एक बेट काठाला जोडलं गेलं आणि रात्रीत कुत्री पोचली. सकाळी वीसेक सुरय नुसते वर घिरट्या घालत ओरडत होते. त्यात होडीवाल्याला शंभर-दोनशे जादा देऊन "थवा उडवा" म्हणणारे पाहुणे. दीर तसली गिऱ्हाइकं घेत नाही, म्हणून त्याचा धंदा कमी होतो.

कडक भाकरी

तुमच्या आठवड्यात मी नेमका गुहागरला होतो. पोरांना सीगल दाखवायचे म्हणून दोन किलो शेव नेली. किनाऱ्यावर एकही नाही! शहाळंवाला हसला, म्हणाला, "ते गेले कधीच उत्तरेला. थंडीत या." शेव आम्हीच खाल्ली. (पक्ष्यांना शेव घालू नये हे बायकोनं तिथेच वाचून दाखवलं, ते वेगळं.)

पण सुरूच्या शेंड्यावर एक समुद्रगरुड दिसला. पांढरंशुभ्र पोट, राखी पंख, पाचरीसारखी आखूड शेपटी. अर्धा तास हलला नाही. खाली लाटा आणि वर हा, पोरं सीगल विसरली.

नान्नजकडचा

बुद्धपौर्णिमेची पाणवठ्यावरची वन्यप्राणी गणना केली. मचाण, पाण्याच्या दोन बाटल्या, शेंगाचटणी आणि भाकरी. माळढोक दिसला का, हे विचारू नका, सगळे तेवढंच विचारतात. १९७९ साली ८,४९६ चौरस किलोमीटरचं अभयारण्य झालं, पुढे कमी करत १,२२२ वर आणलं. माळ फोडून ऊस आणि द्राक्ष आली. मी स्वतः लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून माळढोक पाहिला होता. बस्स.

रात्री काळवीट येऊन गेले, रातवा चांदण्यात टकटक करत बसला. खरी मजा सकाळी आठच्या सुमारास. पखुर्ड्या (माळावरचे कबुतरासारखे पक्षी) आल्या, पाच, मग नऊ, मग मोजणं सोडलं. आधी लांब उतरून अंदाज घेतात, मग सगळ्या एकदम पाण्यावर. घोट घेऊन लगेच उडतात. एक नर मात्र मागे राहिला. पोटापर्यंत पाण्यात उभा, पिसं फुलवून अंग हलवत होता. त्याच्या पोटाची पिसं पाणी धरून ठेवतात. तसाच उडत तो पिल्लांकडे जातो आणि पिल्लं ती पिसं चोखतात. आमच्या घरी नळाला चार दिवसांआड पाणी, त्यामुळे त्या गड्याबद्दल फारच आपुलकी वाटली.

तिसरा मजला, बाळीवेस

गच्चीवर मातीचं परळ ठेवलंय. साळुंक्या, होले, बुलबुल, आणि दुपारी दोनला आ वासून बसलेला कावळा. एक प्रश्न: रात्री अडीचला "क्वाक" करत कोण जातं?

निवृत्त मास्तर

रातबगळा. सिद्धेश्वर तलावाकडून येत असणार. झोपा.

टिटवीची शेजारीण

शनिवार, ताजी खबर. तीन पिल्लं निघाली, एक अंडं तसंच राहिलं. कापसाच्या बोळ्याला काड्यांचे पाय लावल्यासारखी दिसतात आणि तासाभरात पळायलाही लागली. आई ओरडली की जागच्या जागी दगड होतात, मग मलाही सापडत नाहीत. खडीचा ट्रक आला होता. मामांनी तो बाहेर रस्त्यावरच रिकामा करायला लावला, मुकादमाशी भांडून.

तीन फुटली, एक राहिलं, म्हणून सासूबाई आता म्हणतात, पाऊस मध्यम.