अख्खा अल्बम ऐकलात का? सोलापूरकरांनो, लिहा

जुळे सोलापूर, वय 20
सुटी गाणी आपण सगळेच ऐकतो. मला विचारायचंय ते अल्बमबद्दल. कुठल्या बँडचा अल्बम तुम्ही पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, एकही गाणं पुढं न ढकलता ऐकलात? कुठं ऐकलात, काय पटलं, काय नाही, सगळं लिहा. सुरुवात मी करतो.

दिल्लीच्या ब्लडीवुड या मेटल बँडचा ‘रक्षक’ 2022 ला आला तेव्हा मी अकरावीत होतो. मेटल म्हणजे नुसती आरडाओरड, असं घरच्यांसारखंच मलाही वाटायचं. पण गिटारीच्या जोडीला ढोल ऐकला आणि सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेतली नंदीध्वजांची मिरवणूक आठवली. नंदीध्वज जवळ येतात तेव्हा हलगी कानाआधी छातीत वाजते, अगदी तसं झालं. त्यातलं ‘जी वीरे’ खचलेल्या माणसासाठी आहे. बारावीचा निकाल मनासारखा लागला नाही, त्या आठवड्यात मी ते रोज रात्री गच्चीवर ऐकलं. त्यातल्या बासरीनं मला खरंच धरून ठेवलं.

त्यांचाच 2025 चा ‘नु दिल्ली’ आठ गाण्यांत आटोपतो. जपानच्या बेबीमेटलबरोबरचं ‘बेखौफ’ खूप गाजलं. मला मात्र ‘तडका’ आवडलं. खाण्यावरचं गाणं, तेही इतक्या जीव ओतून! तरी ‘रक्षक’ वरचढच. तिथं दुखणं उघडं होतं, इथं सगळं घासूनपुसून ठेवलंय.

कन्ना चौक, वय 23
आमच्या घरात तेलुगू, गल्लीत मराठी. आजीचा जन्म विड्या वळण्यात गेला, अजूनही सूप मांडीवर असतं. बंगळुरूच्या अगम या बँडचा 2012 चा ‘द इनर सेल्फ अवेकन्स’ मी एका दुपारी मोबाइलच्या स्पीकरवर लावला होता. ‘स्वान्स ऑफ सरस्वती’ लागलं. मला तो रॉक वाटत होता. आजीचे हात थांबले. म्हणाली, “हा रामाकडं चाकरी मागतोय की रे!”

मग शोधलं. ती संतकवी त्यागराजांची हंसनादम रागातली कृती, म्हणजे कर्नाटक संगीतातली रचना, ‘बंटुरीति’. रामा, तुझ्या दारात मला सेवकाची नोकरी दे, असं मागणं आहे. आजी गाणं कधी शिकली नाही, कर्नाटक संगीत हा शब्दही तिला ठाऊक नाही, पण भाषा तिची होती. दोनशे वर्षांपूर्वीचे शब्द, वर ड्रम आणि गिटारीचं खरखरीत डिस्टॉर्शन, आणि आजीला अर्थ लागत होता, मला नाही. लाज वाटली. आता प्रत्येक गाण्याचा अर्थ तिला विचारतो. संस्कृत आलं की दोघंही अडतो.

तक्रार एकच. अगमचे गायक हरीश शिवरामकृष्णन यांचा आवाज रंगात आलेला असतो, आणि नेमका तेव्हाच वाद्यांचा लांबलचक तुकडा मध्ये येतो.

होटगी रोड, वय 25
नोकरी पुण्यात. सोमवारी पहाटेची हुतात्मा एक्सप्रेस धरते आणि गाडी हलली की द लोकल ट्रेन या बँडचा ‘वाकिफ’ लावते. कुर्डुवाडीच्या आसपास संपतो, मग ‘आलस का पेड़’. घर सोडतानाचं रडू या दोन अल्बमांनी कितीदा थोपवलंय. 2022 मध्ये गायक रमण नेगीनं बँड सोडला, त्या सोमवारी मी काहीच लावलं नाही. त्याचा एकट्याचा ‘शख्सियत’ चांगला आहे, पण चौघं एकमेकांना सावरून घ्यायचे, ते त्यात सापडत नाही.

बाळे, वय 18
माझा अल्बम नाही, एकच गाणं. क्रेटेक्स आणि श्रेयसचं ‘तांबडी चामडी’, 2024. क्लबात नाचायच्या हाऊस म्युझिकवर मराठी, आणि काढलं नेदरलँड्सच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं! हळदीत डीजेवर वाजलं तेव्हा अंगावर काटा आला. अशा मराठीतला अख्खा अल्बम कुणी केला, तर पहिल्या दिवशी मी ऐकणार.

साखर पेठ, वय 34
मी तुमच्यात मोठा, तरी लिहितो. आमचे टॉवेलचे माग आहेत. लिंकिन पार्कचा ‘मीटिओरा’ 2003 चा, मित्राच्या दादाकडून सीडी आणली होती. मागाचा खडखडाट आणि ती गिटार माझ्या डोक्यात एकाच लयीत बसलीय. 2017 मध्ये त्यांचा गायक चेस्टर बेनिंग्टन गेला आणि मी तो बँड बंदच केला. नवीन गायिका घेतली म्हणून रागही होता.

तिच्यासोबतचा 2024 चा ‘फ्रॉम झीरो’ चार महिने टाळला. मग एका रात्रपाळीला, एकटाच असताना लावला. एमिली आर्मस्ट्राँग चेस्टरची नक्कल करत नाही. ती तिच्या घशानं ओरडते. अर्ध्या तासात अल्बम संपला, मी पुन्हा पहिल्यापासून लावला. उजाडेपर्यंत तेच.

जुळे सोलापूर, वय 20
दादा, चेस्टर गेला तेव्हा मी जेमतेम सातवीत होतो. ‘मीटिओरा’ सुटासुटाच ऐकलाय. तुमच्या रात्रपाळीला एकदा येऊ का? मागाच्या आवाजात ऐकायचाय.