मदत हवी आहे: लिनक्ससाठी एआरएम लॅपटॉप

मंडळी, बोरिवली-चर्चगेट लोकलमध्ये मांडीवर ठेवून कोडिंग करायचंय (सीट मिळाली तर!), म्हणून हलका, न तापणारा लॅपटॉप शोधतोय. लिनक्सच हवं, तेही एआरएम चिपवर (मोबाइलमध्ये असते तशी, कमी वीज खाणारी).

सेकंडहँड एम१ मॅकबुक एअरवर (एम१ ही ॲपलची एआरएम चिप) ‘असाही लिनक्स’ (Asahi, ॲपल चिपवाल्या मॅकसाठीचं लिनक्स) टाकावं का? त्यात टच आयडी (बोटाच्या ठशाने लॉगिन) चालत नाही, त्याचं काही नाही. पण ८ जीबी रॅम नंतर वाढवता येत नाही, ही खरी अडचण. दुसरा पर्याय स्नॅपड्रॅगनवाला (क्वालकॉमची एआरएम चिप) थिंकपॅड टी१४एस. एआरएमवर प्रत्येक मॉडेलची डिव्हाइस ट्री (कोणता भाग कुठे जोडलाय हे लिनक्सला सांगणारी फाइल) वेगळी लागते, त्यामुळे लॅमिंग्टन रोडवरचा (मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्स बाजार) ‘कुठलाही स्नॅपड्रॅगन घ्या, सगळे सारखेच’ हा सल्ला पटला नाही.

वापरणाऱ्यांनी सांगा: झाकण मिटून ठेवलं तर रात्रभरात बॅटरी किती उतरते? वेबकॅम, माइक नीट चालतात का?