रस्त्यावरचे बॉम्ब लेझरने निकामी करतात म्हणे, पण नोझलशिवाय कसं?

भोसरीचा_पत्रेवाला:
आमचं भोसरी एमआयडीसीत पत्रा कटिंगचं काम आहे, 3 किलोवॅटची फायबर लेझर मशीन. परवा जेवणाच्या सुट्टीत पोरांनी व्हिडिओ दाखवला. अमेरिकन हवाई दलाची रॅडबो नावाची चिलखती गाडी, तिच्यावरही 3 किलोवॅटचीच लेझर, आणि ती 300 मीटरवरून बॉम्ब निकामी करते. इथे माझं डोकं चालेना. आमच्याकडे किरण आणि गॅस सोडणारी नोझल पत्र्यापासून जेमतेम एक एमएमवर. फोकस जरा सरकला की कट गेला. गॅसचं प्रेशर पडलं की वितळलेलं लोखंड खाली चिकटून बसतं, मग पोरं ग्राइंडर घेऊन बसतात. तिकडे 300 मीटरवर ना नोझल, ना गॅस. मग बॉम्बचं कवच कापतात कसं? आणि हे आपल्या गडचिरोलीत का नाही आणत?

सिंहगड_एक्सप्रेस:
फुटला तर फुटला की! आपण 300 मीटर लांब, काच वर करून.

खडकीचा_सॅपर:
पत्रेवाले, कापायचं नसतंच मुळी. तापवायचं असतं. मी लष्कराच्या इंजिनिअर दलातून, बॉम्बे सॅपर्समधून रिटायर झालो, सुरुंग आणि न फुटलेले गोळे हेच आयुष्यभर केलं, म्हणून जरा लांबण लावतो.

टीएनटी 80 अंशांच्या आसपास वितळतं. म्हणून तर ते पातळ करून गोळ्यात ओततात. पेट घ्यायला मात्र त्याच्या कितीतरी वर जावं लागतं. लेझर कवचावर एकाच ठिकाणी धरून ठेवली की आतल्या बाजूला तेवढ्याच जागी स्फोटक पेटतं. पेटतं, फुटत नाही. आत गॅस साचतो, कवच तडकतं, उरलेला माल जळतो नाहीतर इकडेतिकडे विखुरतो. डिटोनेटरने उडवला तर मात्र सगळा माल एकदम जातो आणि खड्डा पडतो. धावपट्टीवर खड्डा पडला तर विमानं उडायची कशी? हवाई दलाला लेझर हवी ती त्यासाठी. अर्थात प्रत्येक वेळी नुसता जळेलच अशी हमी कोणी देत नाही. माणसं लांबच ठेवायची, आणि बॉम्ब पूर्ण फुटणार असं धरूनच अंतर ठरवायचं. तेव्हा एक्सप्रेस, काच वर करून भागत नाही.

हे आजचंही नाही. अमेरिकन लष्कराच्या हमवी गाडीवरची झ्यूस नावाची लेझर 2003 मध्ये अफगाणिस्तानात बगरामला नेली होती. तिथे सोव्हिएत काळापासूनचा दारूगोळा उघड्यावर पडलेला. सहा महिन्यांत 200 हून जास्त नग निकाली काढले. आपल्याकडे डीआरडीओच्या दिल्लीतल्या लास्टेक या लेझर प्रयोगशाळेनेही गाडीवरची अशीच लॉर्ड्स प्रणाली केली आहे.

आता गडचिरोली. वरच्या ओळीतलं ‘उघड्यावर’ पुन्हा वाचा. लेझरला माल दिसावा लागतो. 1 मे 2019 ला जांभुळखेड्याजवळ सी-60 या पोलिसांच्या नक्षलविरोधी पथकाचे 15 जवान आणि गाडीचा चालक गेले, तो सुरुंग रस्त्यातच पुरलेला होता. मातीखालच्या, मोरीत कोंबलेल्या डब्याला 3 काय, 30 किलोवॅटही काही करत नाही, माती तेवढी भाजते. तिथे अजूनही आधी शोधावं लागतं: पायी रोड ओपनिंग (गाड्यांआधी रस्ता चालत तपासणं), डिटेक्टर, कुत्रा, आणि ताजी उकरलेली माती ओळखणारी नजर. टीव्हीवाले लेझर म्हटलं की सगळंच सुटल्यासारखं बोलतात, त्याचा मला राग येतो.

प्रकाशाचा_नाद:
फोकसबद्दल थोडं. आरसा किंवा भिंग 10 सेंटीमीटर व्यासाचं घेतलं तर 300 मीटरवर किरणाचा ठिपका हिशेबाने काही मिलिमीटरचा येतो. कापायला हे फार ढोबळ, तापवायला उत्तम. खरा त्रास हवेचा. उन्हात डांबरावरून वाफा उठल्यासारख्या दिसतात ना, त्यातून ठिपका थरथरतो. धूळ असली तर आणखी वाईट. आणि किरण डोळ्याला दिसत नाही पण रेटिनापर्यंत पोचतो, पत्रेवाल्यांना सांगायला नकोच.

भोसरीचा_पत्रेवाला:
काका, आता कळलं. नवीन पोरगा पियर्सिंगला, म्हणजे कटआधीचं भोक पाडताना, थांबून राहिला की भोवतालचा पत्रा निळा पडतो, म्हणजे तेच मुद्दाम करायचं. पण मग लेझर थंड ठेवणारा चिलर? आमचा मे महिन्यात दुपारी दोनला अलार्म देतो, तो शेडमध्ये, पंख्याखाली.

खडकीचा_सॅपर:
फायबर लेझर विजेतला साधारण तिसरा हिस्सा प्रकाशात देते. 3 किलोवॅट किरणाला दहाएक किलोवॅट वीज, बाकीची सात उष्णता. जनरेटर आणि चिलर दोन्ही गाडीतच न्यायचे, म्हणून ती चिलखती धूड लागते. डीआरडीओच्याच दिघीतल्या आर अँड डीई प्रयोगशाळेचा दक्ष रोबो बॅटरीवर चालतो, जिना चढतो, पाण्याच्या झोताने बॉम्ब खिळखिळा करतो. गर्दीच्या पेठेत बेवारस बॅग सापडली तर मी तोच मागवीन.

सिंहगड_एक्सप्रेस:
लक्ष्मी रोडवर दक्षला पार्किंग मिळेल का ते आधी बघा.